समान वेतनाच्या कायद्याला माहितीच्या हक्काची जोड हवी

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून देशात चारही कामगार संहिता लागू झाल्या आणि त्यांच्याविषयी वर्तमानपत्रांतून व कार्यालयांतून पुष्कळ चर्चा झाली. हातात पडणारा पगार कमी होणार का, भविष्य निर्वाह निधीची कपात वाढणार का, ग्रॅच्युइटी किती वर्षांनी मिळणार, हे प्रश्न लोकांच्या जिव्हाळ्याचे आहेत आणि त्यांची चर्चा व्हायलाच हवी. मात्र या सगळ्यात वेतन संहिता, २०१९ च्या तिसऱ्या कलमाकडे फारसे कोणाचे लक्ष गेलेले दिसले नाही. एकाच मालकाकडे सारखे किंवा सारख्या स्वरूपाचे काम करणाऱ्यांना वेतन देताना लिंगाच्या आधारे भेदभाव करता येणार नाही, असे हे कलम सांगते. मी अनेक वर्षे खासगी क्षेत्रात पगारपत्रके तयार करण्याचे काम केले आहे. त्या अनुभवावरून मला एकच गोष्ट मांडायची आहे: तेच काम करणाऱ्या पुरुष सहकाऱ्यांना काय मिळते हे विचारण्याचा हक्क बाईला मिळत नाही, तोवर हे कलम तिच्या कामी येणार नाही.

ही तरतूद नवी नाही. स्त्री-पुरुषांना समान कामासाठी समान वेतन मिळावे, हे तत्त्व राज्यघटनेच्या अनुच्छेद ३९ मध्ये आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा याच विषयावरचा शंभराव्या क्रमांकाचा करार १९५१ मध्ये झाला आणि भारताने त्याला १९५८ मध्ये मान्यता दिली. पुढे आंतरराष्ट्रीय महिला वर्षात, म्हणजे १९७५ मध्ये, अध्यादेश निघाला आणि १९७६ मध्ये समान वेतन कायदा झाला. तोच कायदा आता वेतन संहितेत सामावला आहे. म्हणजे भारतीय बाईला समान वेतनाचा कायदेशीर हक्क मिळून अर्धे शतक लोटले आहे. आणि तरीही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या भारतविषयक वेतन अहवालानुसार स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत १९९३-९४ मध्ये ४८ टक्के होती, ती २०११-१२ मध्ये ३४ टक्क्यांवर आली. घट झाली हे खरे, पण कायदा होऊन पस्तीस वर्षे उलटल्यावरही सरासरी पुरुषाला शंभर रुपये मिळतात तेथे बाईला सहासष्ट मिळत होते. या तफावतीत शिक्षण, कामाचे स्वरूप, कामाचे तास, शेती आणि असंघटित क्षेत्रातील वाटा असे अनेक धागे गुंतलेले आहेत, सगळी तफावत म्हणजे सरळसरळ भेदभाव असे मी म्हणत नाही. पण यातला भेदभावाचा भाग किती, हे शोधण्याचे साधन आपण कधी निर्माणच केले नाही.

कायद्याची रचना पाहिली तर अडचण लक्षात येते. भेदभाव झाला असे वाटणाऱ्या बाईने तक्रार करावी, सक्षम प्राधिकाऱ्याने कामाचे स्वरूप तपासावे आणि निर्णय द्यावा, अशी ही रचना आहे. तक्रार करायची तर आपल्याबरोबर तेच काम करणाऱ्या पुरुषाला किती मिळते हे तिला ठाऊक असायला हवे. पण अनेक खासगी आस्थापनांच्या नेमणूकपत्रात वेतन गोपनीय ठेवण्याची अट असते, आणि जेथे ती लिहिलेली नसते तेथे पगाराची चर्चा करू नये असा तोंडी दंडक असतो. ज्या आकड्यावर सगळी तक्रार उभी राहायची, तोच आकडा उच्चारणे शिस्तभंग ठरते.

या विषयावरचा आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निकाल मुंबईतल्या एका प्रकरणातून आलेला आहे. मॅकिनन मॅकेन्झी विरुद्ध ऑड्री डिकॉस्टा या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये जहाज कंपनीतील महिला लघुलेखकांच्या बाजूने निर्णय दिला. वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या या पदावर फक्त स्त्रियाच आहेत, त्यामुळे तुलना करायला पुरुष नाहीत, असा युक्तिवाद कंपनीने केला. कर्मचारी संघटनेशी झालेल्या कराराकडे बोट दाखवले आणि आर्थिक ताकद नसल्याचेही सांगितले. न्यायालयाने यातले काहीही मान्य केले नाही. पुरुष लघुलेखकांचे काम सारख्याच स्वरूपाचे आहे, आणि स्त्रियांना एका पदावर बसवून त्या पदाचा पगार कमी ठेवणे हाच भेदभाव आहे, हे त्या निकालाचे सार आहे. कायद्याचे विद्यार्थी हा निकाल आजही अभ्यासतात. त्यातली एक बाजू मात्र मला पगारपत्रकाच्या कामामुळे अधिक जाणवते. त्या कंपनीतल्या वेतनश्रेणी संघटनेशी झालेल्या करारात लेखी होत्या. पुरुष लघुलेखकाला काय मिळते हे शोधायला कोणाच्या कपाटात डोकवावे लागत नव्हते, म्हणून न्यायालयापुढे तुलना मांडता आली.

आज खासगी नोकरीत तशा श्रेणी फारशा उरलेल्या नाहीत. प्रत्येकाचा पगार वेगळा ठरतो आणि तो कसा ठरतो हे मी जवळून पाहिले आहे. मुलाखतीत पहिला प्रश्न येतो, ‘सध्याचे पॅकेज किती?’ मग मागच्या तीन महिन्यांच्या पगारपावत्या मागवल्या जातात आणि त्या आकड्यावर काही टक्के वाढवून नवा पगार देऊ केला जातो. पदाची किंमत काय, जबाबदारी किती, हे प्रश्न यात कोठेच येत नाहीत. आधीच्या मालकाने जो आकडा ठरवला होता, तोच पुढच्या मालकाकडे चालत जातो. दोघांची सुरुवात एकाच पदावर झाली, एकाची ३० हजारांवर आणि दुसरीची २५ हजारांवर, आणि पुढे दोघांनाही दरवर्षी अगदी सारखी, १० टक्के वाढ मिळत गेली असे धरू. दहा वर्षांनी दोघांतील फरक ५ हजारांचा राहत नाही, तो महिन्याला जवळजवळ १३ हजारांचा होतो. या दहा वर्षांत तिच्यावर कोणीही नव्याने अन्याय केलेला नाही. वाढ देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला आपण दोघांना समान वागवले असे प्रामाणिकपणे वाटत असते.

त्यात बाळंतपण आले की हिशेब आणखी बिघडतो. मातृत्व लाभ कायद्यात २०१७ मध्ये दुरुस्ती होऊन पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, ही चांगलीच गोष्ट घडली. पण ज्या वर्षात ही रजा येते त्या वर्षाच्या मूल्यमापनात ‘वर्षभर उपस्थित नव्हत्या’ म्हणून श्रेणी एक पायरी खाली जाते, त्या वर्षीची वाढ कमी पडते आणि ती कमी पडलेली वाढ पुढच्या प्रत्येक वर्षाच्या पायात राहते. नोकरी सोडून दोन-तीन वर्षांनी परतणाऱ्या बाईला तर जुन्या पगारावर, कधी त्याहूनही खाली, पुन्हा सुरुवात करावी लागते, कारण तिच्या हातात दाखवायला ताजी पगारपावती नसते. २०२३ चे अर्थशास्त्राचे नोबेल मिळालेल्या क्लॉडिया गोल्डिन यांनी अमेरिकेच्या दोन शतकांच्या माहितीवरून दाखवले आहे की, आजच्या काळात सारखे शिकलेल्या, सारख्या व्यवसायातल्या स्त्री-पुरुषांच्या कमाईतली दरी मुख्यतः पहिल्या अपत्यानंतर रुंदावते. आपल्याकडे तर केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणानुसार विनामोबदला घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्यात दिवसाला सरासरी २८९ मिनिटे घालवतात आणि पुरुष ८८ मिनिटे. हे ओझे वेतन जाहीर केल्याने हलके होणार नाही, हे मला मान्य आहे. त्या ओझ्याची किंमत पगारातून किती आणि कोणत्या टप्प्यावर वसूल केली जाते, एवढे तरी त्यातून कळेल.

वेतन उघड केले तर कार्यालयात हेवेदावे माजतील, चांगली माणसे दुसरीकडे पळवली जातील, प्रत्येकाच्या खासगीपणावर गदा येईल, अशी भीती व्यवस्थापनातले लोक व्यक्त करतात. या भीतीला उत्तर आपल्याच देशात आहे आणि त्याची आठवण कोणी काढत नाही याचे मला आश्चर्य वाटते. माहितीचा अधिकार कायदा, २००५ च्या चौथ्या कलमानुसार प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्या प्रत्येक अधिकाऱ्याला आणि कर्मचाऱ्याला मिळणारे मासिक वेतन स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते, कोणी अर्ज करण्याची वाट पाहायची नसते. सातव्या वेतन आयोगाने केंद्रीय कर्मचाऱ्यांसाठी आखलेला वेतन तक्ता कोणीही पाहू शकतो. त्याची सुरुवात १८ हजारांपासून होते आणि शेवट अडीच लाखांवर. जिल्हा परिषदेच्या शाळेतला शिक्षक आणि शिक्षिका, टपाल कार्यालयातले लिपिक, सरकारी रुग्णालयातल्या परिचारिका यांना एकमेकांचे मूळ वेतन माहीत असते आणि त्यामुळे ही कार्यालये बंद पडलेली नाहीत. सरकारी सेवेत स्त्रियांना बढत्या कमी मिळतात, मोठी पदे उशिरा मिळतात, या तक्रारी खऱ्या आहेत. पण तेथे एकाच पदावरच्या बाईला केवळ बाई म्हणून कमी मूळ वेतन देता येत नाही, कारण ते दिल्याचे दुसऱ्या दिवशी सर्वांना कळेल.

महाराष्ट्राच्या रोजगार हमी योजनेचा अनुभवही हेच सांगतो. १९७७ चा आपला रोजगार हमी कायदा २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. कामाच्या मापावर ठरलेला दर स्त्री-पुरुषांना सारखा होता. ज्या गावांत शेतमजुरीचा गड्याचा आणि बाईचा दर पिढ्यान्‌पिढ्या वेगळा चालत आला होता, त्याच गावांत रोजगार हमीच्या कामावर तो वेगळा ठेवता आला नाही.

क्रिकेटचे उदाहरण वाचकांना परिचयाचे आहे म्हणून देते. भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने ऑक्टोबर २०२२ मध्ये महिला आणि पुरुष खेळाडूंचे सामन्याचे मानधन समान केले: कसोटीला १५ लाख, एकदिवसीयला ६ लाख आणि टी-ट्वेंटीला ३ लाख रुपये. त्याच वेळी वार्षिक कराराच्या रकमेत पुरुषांच्या सर्वोच्च श्रेणीला ७ कोटी आणि महिलांच्या सर्वोच्च श्रेणीला ५० लाख असा फरक होता. या फरकाचे समर्थन करणारे महसुलाकडे बोट दाखवतात, विरोध करणारे महिलांना मिळणाऱ्या सामन्यांच्या संख्येकडे. कोण बरोबर, हा वाद येथे घालायचा नाही. दोन्ही रकमा लोकांपुढे असल्यामुळे हा वाद निदान होऊ तरी शकतो, तसा तो विमा कंपनीच्या कार्यालयात किंवा औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत होऊ शकत नाही.

इतर देशांनी या दिशेने काय केले हे पाहताना त्यांच्या मर्यादाही पाहायला हव्यात. ब्रिटनमध्ये २०१७ च्या नियमांनुसार २५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या मालकांना स्त्री-पुरुषांच्या वेतनातील तफावत दरवर्षी जाहीर करावी लागते आणि पहिले आकडे एप्रिल २०१८ पर्यंत आले. त्याने मोठी खळबळ उडाली, पण संपूर्ण कंपनीचा एकच आकडा फार काही सांगत नाही हेही लवकरच दिसले. विमान कंपनीत वैमानिक बहुतेक पुरुष आणि हवाई सेविका बहुतेक स्त्रिया असतील, तर तफावत प्रचंड दिसते, पण सारख्या कामाला सारखा पगार मिळतो की नाही हे त्यातून कळत नाही. स्त्री-पुरुषांच्या वेतनाची आकडेवारी द्यायला लावणाऱ्या डेन्मार्कच्या २००६ च्या कायद्याचा परिणाम तपासणाऱ्या अर्थशास्त्रज्ञांना आढळले की तफावत कमी झाली खरी, पण ती मुख्यतः पुरुषांच्या पगारवाढीचा वेग मंदावल्यामुळे. कामगार चळवळीने हा इशारा गंभीरपणे घ्यायला हवा. आपल्या संहितेने समानता आणण्यासाठी कोणाचेही वेतन कमी करण्यास मनाई केली आहे, पण वाढ रोखण्याला कोणतीही मनाई नाही.

या सर्व अनुभवांनंतर युरोपीय संघाने मे २०२३ मध्ये जो निर्देश मंजूर केला तो मला अधिक विचारपूर्वक केलेला वाटतो. सदस्य देशांना त्याच्या अंमलबजावणीसाठी ७ जून २०२६ पर्यंतची मुदत दिलेली आहे. उमेदवाराला मुलाखतीपूर्वी पदाची वेतनमर्यादा सांगावी लागेल आणि त्याचा जुना पगार विचारता येणार नाही. कर्मचाऱ्याला स्वतःचा पगार आणि सारखे किंवा सारख्या मोलाचे काम करणाऱ्या स्त्री-पुरुषांचा सरासरी पगार लेखी मागता येईल. स्वतःचा पगार इतरांना सांगण्यापासून त्याला कोणी रोखू शकणार नाही. एखाद्या वर्गात ५ टक्के किंवा त्याहून अधिक तफावत निघाली, तिचे समर्थन करता आले नाही आणि सहा महिन्यांत ती दूर झाली नाही, तर कामगार प्रतिनिधींसह वेतनरचनेची तपासणी करावी लागेल. यात कोणाही व्यक्तीचा पगार नावानिशी जाहीर होत नाही, म्हणून खासगीपणाचा आक्षेपही येथे लागू पडत नाही.

आपल्याकडे पाया अगदीच नाही असे नाही. शेअर बाजाराची नियंत्रक संस्था असलेल्या सेबीच्या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या एक हजार सूचिबद्ध कंपन्यांना २०२२-२३ पासून व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवाल द्यावा लागतो आणि त्यात संचालक, प्रमुख व्यवस्थापकीय अधिकारी, इतर कर्मचारी आणि कामगार या चार गटांत स्त्री व पुरुषांचे मध्यक वेतन (म्हणजे निम्म्यांना ज्याहून कमी आणि निम्म्यांना ज्याहून अधिक मिळते तो आकडा) वेगवेगळे दाखवायचे असते. पण ‘इतर कर्मचारी’ या एकाच गटात नुकती लागलेली अभियंता आणि पंचवीस वर्षे मुरलेला विभागप्रमुख दोघेही येतात, त्यामुळे त्या आकड्यावरून कोणा बाईला स्वतःविषयी काही समजत नाही. माझ्या मते अधिक उपयोगाची तरतूद वेतन संहितेच्या पन्नासाव्या कलमात आहे. प्रत्येक मालकाने आस्थापनेतील ठळक जागी सूचना फलकावर कर्मचाऱ्यांचे वर्गवार वेतनदर लावायचे आहेत, आणि संहितेतील कर्मचाऱ्याच्या व्याख्येत कारकून, तंत्रज्ञ, पर्यवेक्षक आणि व्यवस्थापकही येतात. कारखान्याच्या फाटकापाशी किमान वेतनाचा तक्ता आपण पाहिलेला असतो. संहितेचे शब्द गांभीर्याने घेतले तर वातानुकूलित कार्यालयातही तसा तक्ता लागला पाहिजे, आणि त्यात प्रत्येक वर्गासमोर स्त्रियांचे सरासरी वेतन व पुरुषांचे सरासरी वेतन असे दोन रकाने वाढवणे ही फार मोठी प्रशासकीय कसरत नाही. पगाराचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्या कोणत्याही आस्थापनेत ही माहिती आजच तयार असते, हे मी खात्रीने सांगू शकते.

ज्यांच्या वाट्याला पगारपावतीच येत नाही त्यांच्याविषयी बोलल्याशिवाय हे पत्र पुरे होणार नाही. बीड, जालना, अहिल्यानगर या भागांतून ऊसतोडीला जाणारे नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’, म्हणजे मजुरीचे एक एकक, मानले जातात, मुकादमाकडून उचल (आगाऊ रक्कम) त्या कोयत्यावर मिळते आणि टनामागे ठरलेली मजुरीही त्याच हिशेबात वळती होते. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावरून वाहून गाडीत भरणे, या कामांत बाई पुरुषाच्या बरोबरीने असते, पण तिची म्हणून वेगळी मजुरी कोठे लिहिलीच जात नाही. तेथे तफावत किती टक्के आहे, हा प्रश्नसुद्धा विचारता येत नाही. साखर कारखाने, मुकादम आणि मजूर संघटना यांच्यात दर ठरतात तेव्हा प्रत्येक मजुराच्या, अर्थात बाईच्याही, नावाने स्वतंत्र नोंद आणि स्वतंत्र बँक खात्यात मजुरी अशी अट करारात घालता येईल. लाखो स्त्रियांना त्यामुळे पहिल्यांदाच स्वतःचा वेतनाचा आकडा मिळेल.

वेतन संहितेखाली केंद्राला तसेच राज्यांना नियम करण्याचा अधिकार आहे. महाराष्ट्र शासनाने आपल्या अधिकारात वर सांगितलेले दोन रकाने सूचना फलकाच्या नमुन्यात घालावेत. संसदेने संहितेत दुरुस्ती करून जुना पगार विचारण्यास आणि वेतन गोपनीय ठेवण्याची अट घालण्यास मनाई करावी, आणि आपल्या वर्गातील सरासरी वेतन लेखी मागण्याचा हक्क प्रत्येक कर्मचाऱ्याला द्यावा. दाव्याच्या मुदतीचाही विचार व्हावा. संहितेनुसार दावा उद्‌भवल्यापासून तीन वर्षांत अर्ज करायचा असतो. उशिराला पुरेसे कारण असेल तर प्राधिकारी तो स्वीकारू शकतो, पण मालकाने आकडा दडवून ठेवला हे पुरेसे कारण मानले जाईल याची हमी नाही. अमेरिकेत लिली लेडबेटर यांना गुडइयर कंपनीतल्या प्रदीर्घ नोकरीच्या अखेरीस एका निनावी चिठ्ठीतून कळले की, त्याच पदावरच्या पुरुषांना त्यांच्याहून कितीतरी अधिक पगार आहे. त्यांनी दावा लावला, पण मुदत उलटून गेली म्हणून तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो २००७ मध्ये फेटाळला आणि त्यांच्या नावाचा नवा कायदा करण्यासाठी २००९ उजाडावे लागले. आपल्याकडे अशी पाळी येण्याआधीच मुदतीची गणना तफावत कळल्याच्या दिवसापासून होईल असे स्पष्ट करावे.

कायदा बदलायला वेळ लागेल हे मी जाणते, म्हणून एक विनंती आपल्याकडेही करते. आपल्या वृत्तपत्रात दर आठवड्याला नोकरीच्या जाहिराती प्रसिद्ध होतात आणि त्यांतल्या बहुतेक खासगी जाहिरातींत ‘वेतन योग्यतेनुसार’ एवढेच लिहिलेले असते. जाहिरातदारांकडून पदाची किमान आणि कमाल वेतनमर्यादा मागून घ्यावी, ती देणाऱ्यांच्या जाहिराती वेगळ्या ठळक स्तंभात छापाव्यात, आणि आपल्या स्वतःच्या संस्थेतील रिक्त पदांच्या जाहिरातींपासून त्याची सुरुवात करावी.

कळावे,

आपली विश्वासू,
एक निवृत्त वेतन लेखापाल